नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अंतर फक्त एका मात्रेचे. पहिले बारशाला होते; दुसरे, बारशाची मंडळी घुगऱ्या खाऊन जिना उतरताना. मुलाचे एक बरे असते. नाव कसेही ठेवले तरी मूल वाढते, आणि नाव फारच जुनाट निघाले तर कॉलेजातले मित्र त्याला दुसरे ठेवतात. धंद्याला ही सवलत नाही. दुकानाचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले नाही, तर चांगला मालही फडताळात पडून राहतो. आणि बसले, तर ठेवणारा गेला, त्याची मुले गेली, कारखाना परक्याच्या हाती गेला तरी नाव मागे उरते. कोणते नाव असे उरते आणि कोणते विरून जाते, याचा विचार गेले काही महिने मी जरा जास्तच केला. त्याला कारणही तसेच घडले, ते पुढे सांगतो. आधी गिरगावात जाऊ.

गिरगाव अशासाठी की बी.ए.ची वर्षे मी तिथे मामांच्या चाळीत काढली, आणि त्या एवढ्याशा वस्तीत चार नावे जन्माला आली, चारही अगदी चार तऱ्हांची. आज देशभर ती घराघरांत आहेत.

पहिले नाव १९१० सालचे. विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी गिरगावात किराण्याचे दुकान काढले. पुढे मसाले आणि लोणची हीच त्यांची ओळख झाली. नाव काय, तर ‘व्ही. पी. बेडेकर अँड सन्स’. यात कल्पकता ती काय, असे आजच्या पोरांना वाटेल. पण त्या काळचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. कोकणातून, देशावरून आलेली कुटुंबे. गावी लोणचे घरचे, तिखट घरचे. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत मिरच्या वाळवायच्या कुठे आणि कांडायच्या कुठे? जन्मात पहिल्यांदा मसाला विकत आणायची वेळ आलेली, आणि त्यात विटेची भुकटी तर नाही ना ही धास्ती. अशा वेळी पाटीवरचे आडनाव जामीन राहते. हा माणूस कुठला, कोणाचा, हे कळते. तो उद्या गाशा गुंडाळून जाणार नाही. आणि ‘अँड सन्स’ म्हणजे तो थकला तरी त्याचा मुलगा गल्ल्यावर बसलेला असेल.

आता हे लिहायला सोपे. पण आपल्या पांढरपेशा घरांतून त्या काळी आडनाव शोभायचे ते मास्तराच्या, वकिलाच्या, फार तर डॉक्टरच्या पाटीवर. लोणच्याच्या बरणीवर ते चिकटवायला छाती लागत असणार! माझी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली, त्यामुळे अशा छातीच्या माणसांच्या मुलखातून मी आयुष्यभर रेल्वेने ये-जा केली. कराड स्टेशनाला लागून ओगलेवाडी. पुढे किर्लोस्करवाडी. त्याच्या पुढचे भिलवडी, जिथे चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ साली सुरू झाला आणि १९५० साली पुण्यात ‘चितळे बंधू’ म्हणून पाटीवर चढला. तीन आडनावे, त्यांतल्या दोघांच्या वाड्या!

किर्लोस्करांची गंमत अशी, की हे आडनाव महाराष्ट्राला आधीच ठाऊक होते, पण नाटकामुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, नांगरांचा कारखाना उभा केला. ज्या आडनावाने डोळ्यांसमोर शकुंतला यायची, त्याने शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर लोखंडी नांगर यायला लागला. म्हणजे नावाला मुळात अर्थ असतोच असे नाही, तो पुढे मालातून येतो.

ओगल्यांनी थोडे वेगळे केले. १९१६ साली काचेचा कारखाना काढला, वाडीला आडनाव मिळाले, पण कंदिलाला नाव दिले ‘प्रभाकर’. गुरुनाथ प्रभाकर ओगले यांच्या वडिलांचे नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. वडील आणि सूर्य एकाच काचेत! मराठीत इतके नेमके नाव मला दुसरे आठवत नाही. आमच्या घरी दोन प्रभाकर होते, एक स्वयंपाकघरात आणि एक पडवीत. पण खेड्यापाड्यांत वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. कारखाना बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली. नाव उत्तम होते, त्याच्यासाठी वीज थांबली नाही. ओगलेवाडी मात्र आहे.

आडनावाचा खरा घोर असतो तिसऱ्या पिढीला. जमीन वाटता येते, यंत्रे वाटता येतात; आडनाव कसे वाटायचे? ते तर सगळ्याच भावांचे. किर्लोस्कर घराण्यातही नाव वापरण्याच्या हक्काचा वाद अलीकडच्या वर्षांत न्यायालयापर्यंत गेला. शिवाय कायदाच असा आहे, की कोणी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करत असेल तर त्याला सहजी अडवता येत नाही. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याचे कलम ३५ काढून बघावे. तुमच्या आडनावाचा दुसरा कोणी उद्या तुमच्या समोरच्या फुटपाथवर उभा राहिला, तर आधी वकील गाठावा लागेल.

गिरगावातले दुसरे नाव आहे त्याच्या अगदी उलट. पण ते सांगण्याआधी ‘छाप’ या शब्दाबद्दल थोडे.

आपल्याकडे मालाला नाव येण्याआधी छाप आली. मँचेस्टरहून कापडाचे तागे यायचे त्यांवर रंगीत चित्रे चिकटवलेली असत. देव, राजे, हत्ती, वाघ. घेणाऱ्याला अक्षर येत नसे, पण मागच्या वेळी हत्तीचे कापड टिकले हे त्याला पक्के आठवे. खोट्या छापांना शिक्षा करणारा कायदा १८८९ चा. छापेची नोंदणी करून देणारा कायदा मात्र थेट १९४० साली झाला आणि १९४२ पासून लागू झाला. तोवर व्यापारी आपली छाप कागदावर जाहीर करून सरकारी दप्तरात ठेवायचे आणि वर्तमानपत्रात ‘खबरदार’ म्हणून नोटीस द्यायचे. एवढ्यावर भागत असे.

माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिच्या फळीवर चिनी मातीच्या आठ-दहा बरण्या असत. त्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. प्रत्येक बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला, आणि दादरा वेगवेगळ्या जुन्या लुगड्यांचा. हिरव्या काठाचा आंब्याच्या लोणच्याला, तांबडा मुरांब्याला, निळ्या काठाचा मेतकुटाला. आम्हा भावंडांना अंधारातसुद्धा (प्रभाकराची वात बारीक केलेली असली तरी) बरोबर बरणी सापडे. हीसुद्धा छापच की!

तर १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी गिरगावात शाईचा धंदा सुरू केला. आधी शाईची पूड आणि वड्या, त्यांवर घोड्याची छाप. मग फाउंटन पेनची शाई काढली आणि तिचे नाव ठेवले ‘कॅमल’. उंट! गंमत बघा, शाई घेणारा म्हणजे लिहिता-वाचता येणाराच. त्याला चित्राची गरज नाही. पण बाजारात तेव्हा बड्या परदेशी शाया होत्या आणि त्यांतही पेलिकन होता, स्वान होता. पाणपक्ष्यांच्या त्या थव्यात आमचा वाळवंटातला उंट शिरला.

उंटाचा आणि शाईचा संबंध काय, असे मी एकदा सातवीच्या वर्गात सहज विचारले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, उंट एकदा पाणी प्यायला की लांबवर जातो. पेनपण तसंच.” हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. नावाने मोकळी जागा ठेवली होती, त्यात त्याने आपला अर्थ बसवला.

याच सुमारास, १९३४ साली, बंगालमध्ये ‘सुलेखा’ शाई निघाली. स्वदेशीच्या चळवळीतली, आणि नावही गोड, अर्थपूर्ण. मराठीचा मास्तर म्हणून मला विचाराल तर मी सुलेखालाच पहिला नंबर देईन. मध्ये बरीच वर्षे तो कारखाना बंद होता, तरी नाव लोकांच्या मनातून गेले नाही आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. पण सुलेखा म्हटले की शाई आली, लेखन आले. उंट कुठेही जाऊ शकत होता, आणि गेलाही. रंगांच्या वड्या, खडू, डिंक, कंपासपेटी. कॅमल आणि इंक मिळून ‘कॅम्लिन’ झाले. शाळेत आमच्याकडे ‘कंपास आणली का?’ याचा अर्थ ‘कॅम्लिनची पेटी आणली का?’ असाच होता.

आता मला यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट. २०११ साली कॅम्लिनची सूत्रे जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेली. ही कंपनी १९०५ साली ओसाकात हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरे करायची. मालकाने आपल्या गावाकडच्या प्रांताची लाज राखायची म्हणून नाव ठेवले, त्याचा अर्थ ‘प्रांताचा मान’. दोन्ही नावे आता शेजारी शेजारी छापली जातात. हा धंदा मोठा करणारे सुभाष दांडेकर २०२४ साली गेले, तेव्हा कितीतरी जणांनी आपापल्या कंपासपेटीची आठवण काढली. पण बघा, पेटीवर ‘दांडेकर’ कुठेच नव्हते. कंपनी गेली तरी आडनाव विकले गेले नाही, ते घरचे घरीच राहिले.

तिसरे नाव थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकले की विचार करणाऱ्यांचा धीरच खचतो. १९४२ साली, युद्धामुळे परदेशी रंगांची आयात बंद झालेली असताना, चार मित्रांनी गिरगावात गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. नाव शोधायला टेलिफोन डिरेक्टरी उघडली, आणि मिळाले ‘एशियन’. झाले बारसे! त्यांचा खरा जीव होता तो पुढे १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेल्या खोडकर मुलात, ज्याच्या हातात ब्रश आणि कपाळावर केसांची बट. त्याचे नाव लोकांकडून मागवले, पाचशे रुपयांचे बक्षीस लावले, आणि ‘गट्टू’ हे नाव निघाले. म्हणजे पुन्हा छापच.

आता जी नावे फसतात त्यांच्याबद्दल. विलेपार्ल्याच्या कारखान्याने गावाचेच नाव घेतले, १९२९ साली. १९३९ पासून त्यांची बिस्किटे ‘पार्ले ग्लुको’. पण ग्लुकोज हा तर पदार्थ, तो काय कोणाच्या बापाचा? जो तो ग्लुको, ग्लुकोज म्हणून बिस्किटे विकू लागला, आणि दुकानदार ग्लुको मागितले की हाताला येईल तो पुडा द्यायचा. शेवटी १९८० च्या दशकात त्यांनी ‘पार्ले-जी’ केले. ग्लुकोजचे एक अक्षर उरले आणि पार्ले हे गाव पुढे झाले. तो विलेपार्ल्याचा कारखाना २०१६ साली बंद झाला, पण पुड्यावर गाव आहेच.

डालड्याचे उलटे झाले. ‘डाडा’ या हॉलंडच्या कंपनीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घुसवून १९३७ साली हे नाव बनवले. अर्थ शून्य, आणि म्हणूनच पक्के बसले. इतके की कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणू लागले. मग कोणत्याही नकली गोष्टीला! आमच्या शाळेत एका नाटकात शिवाजी झालेल्या मुलाची दाढी निघाली तेव्हा पोरे ‘डालडा शिवाजी’ म्हणून ओरडली होती. नाव सर्वांचे झाले की मालकाच्या हाती काय उरते? २००३ साली त्यांनी ते विकून टाकले.

आता कारण सांगतो. पुतण्याची मुलगी पुण्यात मेतकूट, भाजणी आणि कुळथाचे पीठ करून विकणार आहे. नोकरी सोडून, साठवलेले पैसे घालून. पद्धत माझ्या आईची. मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही मराठीचे मास्तर, नाव तुम्हीच ठेवा.” तोवर घरात तीन पक्ष झालेच होते. दिवाळीत जे हजर होते त्यांना सगळे ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी लिहितो.

एक पक्ष म्हणतो, ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘पारंपरिक’ असे काही असावे. हे तर बाजारात दर तिसऱ्या पाकिटावर आहे. त्यात कायद्याचे कलम ९ असे, की मालाचे नुसते वर्णन करणारे नाव सहसा नोंदवून मिळत नाही. विशेषण तुमचे होऊच शकत नाही. दुसरा पक्ष तरुण मंडळींचा. त्यांनी संगणकाकडून वीस इंग्रजी नावे काढून आणली. त्यांतली अकरा मला वाचता आली नाहीत. जे नाव कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि दाराशी येणाऱ्या मावशींना उच्चारता येत नाही, ते तोंडोतोंडी जाणार कसे?

तिसरा पक्ष आमच्या थोरल्या बंधूंचा. ते म्हणतात आपले आडनाव घाला, घराण्याचे नाव होईल. माझा विरोध खरा इथे आहे, आणि तो वर लिहिलेल्या वाटणीच्या धास्तीपुरता नाही.

मेतकूट आई शिकली ती तिच्या आईकडून, राजापूरकडे, माहेरी. तेव्हा तिचे आडनाव वेगळे होते. नावही वेगळे होते. चौदाव्या वर्षी लग्न झाले तेव्हा ताटातल्या तांदळांत वडिलांनी अंगठीने नवे नाव लिहिले आणि जुने संपले. पुढची साठ वर्षे त्या नावाने तिला हाक मारणारा फक्त तिचा भाऊ. मेतकूट माहेरचे, हात तिचे, आणि पाकिटावर आडनाव आमचे! बाजारात ‘अँड सन्स’ आहेत, ‘बंधू’ आहेत, ‘आणि मंडळी’ आहेत. दळणाऱ्या-कांडणाऱ्या बायकांचे आडनाव पाटीवर शोधून बघा.

म्हणून गिरगावातले चौथे नाव मला फार जवळचे वाटते. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीत सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीन वर्षे त्या पापडाला नावच नव्हते. १९६२ साली नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस रुपये पाच. त्यात ‘लिज्जत’ आले. आपल्या ‘लज्जत’चेच गुजराती रूप. (एशियनचे बक्षीस पाचशे, यांचे पाच. दोन्ही नावे सारखीच टिकली!) माझ्या वरच्या नियमाने बघितले तर लिज्जत हे वर्णनच, म्हणजे तापदायक नाव. पण ते सातांपैकी एकीचेही आडनाव नाही. म्हणून ते साऱ्यांचे होऊ शकले. आज त्या संस्थेत हजारो जणी आहेत आणि प्रत्येक जण तिथे मालकीण आहे.

मी सुचवलेले नाव ‘दादरा’. पाकिटावर एक बरणी, तिच्या तोंडाला निळ्या काठाचे फडके. मेतकुटाचे वर्णन नाही, कोणाचे आडनाव नाही, तीन अक्षरे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने ‘ते निळ्या फडक्याचे द्या’ म्हणावे. नातीला आवडले आहे. हरकती आल्या त्याही सांगतो. तिचा भाऊ म्हणतो, लोकांना वाटेल तबल्याचा क्लास आहे. तिचा नवरा म्हणतो, दादरा-नगर हवेलीचे काय? या दुसऱ्या हरकतीत तथ्य आहे, कारण गावाच्या नावावरही कलम ९ बोट ठेवते. मुंबईत राहणाऱ्या सुनेने तर सरळ विचारले, “दादरा म्हणजे काय?” तिच्या घरी सगळ्या बरण्या फिरकीच्या झाकणाच्या. पण तिने विचारले, आणि मी तिला फोनवर दहा मिनिटे सगळ्या बरण्या सांगितल्या, आणि आता ती ते विसरणार नाही. कॅमलबद्दलसुद्धा कोणीतरी असेच विचारले असेल की!

सध्या नोंदणीच्या यादीत वर्ग ३० मध्ये, म्हणजे पिठे-मसाल्यांच्या वर्गात, हे नाव आधी कोणी घेतले आहे का ते बघणे चालू आहे. अर्जाची फी एकट्या व्यक्तीला संगणकावरून भरल्यास साडेचार हजार, आणि नोंद झाली की दहा वर्षे. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. बंधूंचा होकार अजून आलेला नाही. त्यांना एवढेच कळवतो, की पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, ‘कृती’ असे लिहून, आईचे माहेरचे नाव आणि आडनाव घालायचे ठरले आहे, आणि त्यावर चर्चा नको. बाकी ज्या कोणाला नावे ठेवायची असतील, त्यांनी ती अर्ज भरण्याच्या आधी ठेवावीत.